पोलादी नळ : विहिरीवर आणि शेतांत

विहिरीवर विजेचा पंप बसवावयाचा ठरला म्हणजे आपला शेतकरी पंपाची चौकशी फार बारकाईनें करतो. मोटर किती अश्वशक्तीची, कोणत्या कारखान्याची, आंतील तांब्याची गुंडाळी कशी, शेजारच्या गांवीं ती कोणीं घेतली आहे काय, हें सर्व तो विचारतो, आणि अखेरीस दुकानदारास इतकेंच सांगतो कीं, "आणि लागतील तेवढे लोखंडी नळ द्या." नळाचा भाव तेवढा विचारला जातो, नळ कोणता, किती जाड, कशासाठीं, याची वाच्यता सहसा होत नाहीं. वास्तविक पंप बिघडला तर तो वर काढून दुरुस्त करतां येतो. परंतु विंधन विहिरींत सोडलेला नळ सांध्यांत तुटला म्हणजे पंप, केबल आणि खालचे सर्व नळ तळाशीं जातात, आणि ते निघाले नाहींत तर पदरचे पैसे खर्चून खणलेली बोअरहि बाद होते. एवढें ज्या वस्तूवर अवलंबून आहे तिची थोडी ओळख असावी, या हेतूनें हा लेख आम्ही देत आहों.

प्रथम नांवाविषयीं. आपण ज्यास लोखंडी नळ म्हणतों तो बहुधा सौम्य पोलादाचा असतो. लोखंडांत कर्ब किती मिसळलेला आहे यावर त्याचा स्वभाव ठरतो. बिडांत म्हणजे ओतीव लोखंडांत कर्बाचें प्रमाण शेंकडा दोनापासून चारापर्यंत असतें. म्हणून बीड ओतण्यास सोपें, गंजास बरेंच टिकाऊ, परंतु ठोका बसला कीं तडकणारें. सौम्य पोलादांत हाच कर्ब शेंकडा पाव भागाहून अधिक नसतो. त्यामुळें तें वांकतें, चेपतें, ताणलें जातें, पण एकदम फुटत नाहीं. त्यास भोंक पाडतां येतें, आंटे पाडतां येतात, आणि खेड्यांतील साधा वेल्डिंगवालाहि तें जोडूं शकतो. कोयता, विळा किंवा पहारीचें टोंक यांस लागणारें पोलाद याहून अधिक कर्बाचें असतें. तें पाणी देऊन कडक होतें. नळाचें पोलाद तसें होत नाहीं, व होण्याची गरजहि नाहीं.

लोखंडी पट्टी तापवून तिच्या दोन्ही कडा एकमेकींस भिडवून नळ ओढून काढण्याच्या युक्तीची सनद इंग्लंडांत कॉर्नेलियस व्हाइटहाउस यानें १८२५ सालीं घेतली. त्यापूर्वी वायूच्या दिव्यांसाठीं बंदुकांच्या जुन्या नळ्या एकमेकींस जोडून काम भागवीत असत असें सांगतात. १८५६ सालीं बेसेमर यानें स्वस्त पोलाद करण्याची रीत काढली, आणि पुढें घडीव लोखंडाची जागा पोलादानें घेतली. आज पोलादाची पट्टी रुळांमधून गोल वळवून तिच्या कडा विजेच्या उष्णतेनें एकजीव करतात. नळाच्या आंत बोट फिरविल्यास ही शिवण लांबवर हातास लागते. ती दोष नव्हे. मात्र जेथें ती उकललेली, काळवंडलेली किंवा वेडीवांकडी दिसेल, तो नळ परत करावा.

आतां नळाच्या जाडीचा विचार करूं, कारण सगळी मेख येथेंच आहे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणें (आय. एस. १२३९) हे नळ हलका, मध्यम व जड अशा तीन वर्गांत होतात. ओळखण्यासाठीं हलक्यावर पिंवळा, मध्यमावर निळा आणि जडावर तांबडा पट्टा असतो. दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटरच्या नळाचा बाहेरचा व्यास तिन्ही वर्गांत सारखाच, ६०.३ मिलिमीटर. फरक पडतो तो भिंतीच्या जाडींत : हलक्याची २.९, मध्यमाची ३.६ व जडाची ४.५ मिलिमीटर. बाहेरून पाहणाऱ्यास तिन्ही नळ एकसारखे दिसतात, सॉकेटहि तेंच बसतें. म्हणून पट्टा पुसलेला असेल तर फसगत होण्यास कांहींच वेळ लागत नाहीं. अशा वेळीं तराजू हा खरा साक्षीदार. मध्यम वर्गाचा दोन इंची काळा नळ मीटरला सुमारें ५ किलो भरतो. म्हणजे सहा मीटरचा एक नग सुमारें ३० किलोचा झाला. हलका नग साडेचोवीस किलोच्या आसपास, आणि जड सदतीस किलोच्या आसपास. जस्त चढविलेला असल्यास वजन किंचित् अधिक येईल. नगागणिक थोडा फरक मानकानेंच चालवून घेतला आहे. पण मध्यमाच्या भावानें घेतलेला नग पंचवीस किलोचा निघाला तर दुकानदाराशीं अवश्य बोलावें.

कोणी म्हणेल कीं, भिंत पाऊण मिलिमीटरनें कमी झाली तर एवढें काय बिघडलें? पाण्याच्या दाबापुरतें पाहिलें तर कांहीं बिघडलें नाहीं. हे नळ कारखान्यांत चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाबाच्या पाण्यानें पारखलेले असतात, आणि शेतांत एवढा दाब येण्याचा संभव फारच थोडा. बिघडतें तें आंट्यांत. दोन इंची नळाच्या टोंकास जे आंटे पाडतात त्यांची खोली सुमारें दीड मिलिमीटर असते. म्हणजे आंट्याच्या तळाशीं हलक्या नळाचें पोलाद जेमतेम १.४ मिलिमीटर शिल्लक राहतें, मध्यमाचें २.१ आणि जडाचें ३ मिलिमीटर. जड नळांत हलक्यापेक्षां पोलाद दीडपट, आणि किंमतहि साधारण त्याच मानानें अधिक. परंतु सांध्याजवळील उरलेली जाडी मात्र दुपटीहून अधिक. जो दुवा सर्वांत आधीं तुटावयाचा, तेथेंच हा जास्तीचा पैसा उपयोगीं पडतो. हें गणित एकदां नीट समजलें म्हणजे विंधन विहिरींत हलका नळ सोडण्याचा मोह कोणास होऊं नये.

शंभर मीटर खोल सोडलेल्या मध्यम नळांचें स्वतःचें वजन पांचशें किलो, त्यांत भरलेल्या पाण्याचें सव्वादोनशें, आणि पंपाचें पन्नासएक किलो, मिळून सुमारें पावणेआठशें किलोंचा भार वरच्या सांध्यावर येतो. कोऱ्या नळास हा भार कांहींच वाटत नाहीं. पण मोटर सुरू होतांना प्रत्येक वेळीं खालून उलटा पीळ बसतो, आणि वीज दिवसांतून पांच वेळां येते-जाते तेथें तो पांच वेळां बसतो. शिवाय आंटे जर जस्त चढविल्यानंतर पाडलेले असतील, तर नेमकें तेथेंच पोलाद उघडें पडलेलें असतें. पातळ भिंत, रोजचा पीळ आणि उघडें पोलाद ही तिन्ही एका जागीं येतात. म्हणून नळ मध्येंच तुटल्याचें क्वचित् ऐकूं येतें, सॉकेटच्या तोंडाशीं तुटल्याचें नेहमीं.

पंपास लागून असलेला सर्वांत खालचा नळ इतरांपेक्षां आधीं गंजतो असा बहुतेकांचा अनुभव आहे. पंपाचें तोंड पितळेचें किंवा बिनगंजी पोलादाचें असलें म्हणजे पाण्यांत त्या दोन धातूंचा विजेच्या घटासारखा संबंध जुळतो, आणि त्यांत जस्त व साधें पोलाद यांचा नाश होतो. सबब हा एक नग जड वर्गाचा घ्यावा, पंप वर येईल तेव्हां त्याचे आंटे घासून पाहावे, आणि शंका आल्यास नवा घालावा. पाण्याची पातळी जेथें चढते-उतरते तेथील नगाचीहि तीच गत. सांध्यास तागाचा धागा व सफेदा लावण्याची चाल आहे. पण ज्या विहिरीचें पाणी पिण्यांत येतें तेथें शिशाचा सफेदा वापरूं नये, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. आणि पंपास वेगळा मजबूत दोर बांधून तो वर क्लँपाशीं अडकविण्यास विसरूं नये. नळ तुटलाच तर तो दोरच पंप वांचवितो.

नळ फुटून निकामी झाल्याचीं उदाहरणें थोडीं, गंजून निकामी झाल्याचीं पुष्कळ. गंज म्हणजे लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु यांचा संयोग होय. त्यास अडविण्यासाठीं नळ वितळलेल्या जस्तांत बुडवितात. जस्त सुमारें ४२० अंशांवर वितळतें, व कढई साधारण ४५० अंशांवर ठेवलेली असते. तेथें जस्ताचा नुसता थर बसत नाहीं, तें पोलादाशीं मिळून जातें. त्याचा दुसरा गुण असा कीं, लहानसा ओरखडा पडून पोलाद उघडें झालें तरी आजूबाजूचें जस्त आधीं झिजतें आणि पोलाद राखतें. रंगास हें साधत नाहीं; रंगाला चीर पडली कीं गंज तिच्याखालून पसरत जातो. मात्र बाजारांत नुसत्या चकाकीपुरतें पातळ जस्त चढविलेलेहि नळ मिळतात. मांडवाच्या, शोभेच्या कामास ते ठीक. पाण्यांत घालूं नयेत.

जस्ती नळ किती वर्षें टिकेल असें आम्हांस पुष्कळ सभासद विचारतात. याचें उत्तर पाण्यावर आहे, दुकानावर नाहीं. चुनखडीच्या जड पाण्यानें नळाच्या आंत पांढरा पापुद्रा बसतो. तो वाट थोडी अरुंद करतो, पण पोलादाचें रक्षणहि करतो. मचूळ, क्षारयुक्त पाण्याची गोष्ट उलट आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत ज्यांची शेती आहे त्यांस आम्ही स्पष्ट सांगतों कीं, तेथें विहिरींत जस्ती नळ सोडण्याऐवजीं त्या कामासाठींच केलेला जाड प्लॅस्टिकचा चौकोनी आंट्यांचा नळ घ्यावा. तो गंजत नाहीं, वजनास हलका असल्यानें वर काढण्यास माणसें कमी लागतात. फक्त किती खोलीपर्यंत चालेल हें त्यावर काय छापलें आहे तें वाचून ठरवावें. ठिबकांतून विद्राव्य खत किंवा आम्ल सोडणाऱ्यांनींहि तें पोलादी नळाच्या पुढें, प्लॅस्टिकच्या भागांत सोडण्याची व्यवस्था करावी. आम्ल जस्तास पाहतां पाहतां खातें, आणि म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड पोलादासहि सोडीत नाहीं.

जस्ती नळावर वेल्डिंग करावयाचें झाल्यास जोडाजवळचें जस्त आधीं कानशीनें घासून काढावें. तसें न केल्यास जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातींत गेल्यास संध्याकाळीं थंडी वाजून ताप भरतो, व वेल्डिंगवाला तो हिंवताप समजून गोळ्या खात बसतो. काम मोकळ्या हवेंत, वाऱ्याकडे पाठ करून न बसतां वारा आडवा येईल अशा बेतानें करावें. जोड थंड झाल्यावर त्यावर जस्ताचा रंग दोन हात द्यावा. हें न केल्यास सगळा नळ धड राहून तेवढा जोड दोन पावसाळ्यांत तांबडा होतो.

नळाची रुंदी ठरवितांनाहि काटकसर भलतीकडेच होते. सेकंदास आठ लिटर पाणी शंभर मीटर लांब न्यावयाचें आहे असें धरूं. नव्या तीन इंची पोलादी नळांतून तें नेण्यास घर्षणापायीं सुमारें चार मीटर उंचीइतका जोर खर्ची पडतो. चार इंची नळांतून नेल्यास एक मीटरच्या थोडा वर. नळ जुना होऊन आंत गंजाच्या गांठी चढल्या म्हणजे तीन इंचीचे चार मीटर पावणेसहाच्या घरांत जातात. हें विजेचें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं, बिलांत मात्र दरमहा येतें. एवढ्या पाण्यास थोडी लांबी असेल तर तीन इंची चालेल; दोन-तीनशें मीटर जावयाचें असल्यास चार इंचीचा अधिक खर्च सोसावा, असें आमचें मत आहे.

याच तीन इंची नळांत पाणी सेकंदास दीड मीटर वेगानें धांवत असतें. तें एकाएकी थांबलें, म्हणजे वीज गेली, पाणी उलटें फिरलें आणि झडप धाडकन् मिटली, तर पोलादी नळांत क्षणभर दीडशें ते पावणेदोनशें मीटर उंचीइतका जादा दाब उसळूं शकतो. पंपाच्या खोलींत जो घणाचा ठोका बसल्यासारखा आवाज येतो तो हाच. पोलाद तो सोसतें. प्लॅस्टिकच्या नळांत हा धक्का बराच सौम्य होतो हें खरें, पण त्याची सोसण्याची मर्यादाहि कमी. सहा किलो दाबाचा म्हणून घेतलेला नळ असल्या ठोक्यांनीं सांध्यांत ढिला पडतो. म्हणून पंपापासून झडपेच्या पुढें कांहीं अंतरापर्यंत, आणि उंच चढाव असेल तर त्या चढावाच्या तळाशीं, पोलादी नळ घालण्याची जी पद्धत कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या उपसा योजनांत दिसते ती योग्यच आहे. झडप सावकाश मिटणारी घ्यावी.

सगळीकडे पोलादच घालावें असा मात्र आमचा आग्रह नाहीं. जमिनींत तीन फूट खोल पुरलेल्या सपाटीवरच्या लांब नळास प्लॅस्टिक हेंच उत्तम. तेथें पोलाद घालणें म्हणजे ओल्या मातीस नैवेद्य दाखविणें. पोलादाचें स्थान उघड्यावर आहे. विहिरीच्या आंतील उभा नळ, ओढ्यावरून आधाराशिवाय जाणारा टप्पा, गाडीवाटेखालून नेतांना बाहेरचें कवच, आणि जेथें उसाचें पाचट किंवा बांधाचें गवत पेटण्याचा संभव तेथील सर्व वरचे नळ. उन्हानें प्लॅस्टिक ठिसूळ होतें व विस्तवानें वितळतें. पोलादास त्यांतलें कांहीं होत नाहीं. उघड्यावरच्या लांब नळाविषयीं एक सूचना. रिकामा नळ वैशाखांत तापला म्हणजे शंभर मीटरला तीस अंशांमागें ३६ मिलिमीटर वाढतो, व रात्रीं तितकाच आंखडतो. सबब त्याचीं दोन्ही टोंकें सिमेंटांत पक्कीं करूं नयेत. मध्यें वळण द्यावें किंवा एक सरकता सांधा ठेवावा.

पाण्याखेरीज या नळाचा जो उपयोग आहे तो त्याच्या पोकळपणामुळें. दोन इंची मध्यम नळांत जितकें पोलाद आहे तितक्याच पोलादाची भरीव सळई केली तर ती जेमतेम सव्वा इंचाच्या आंतली होईल, आणि वांकण्यास नळ त्या सळईपेक्षां सुमारें आठपट अधिक विरोध करतो. गव्हाची काडी पोकळ असून ओंबी पेलते, बांबू पोकळ असून घराचा वांसा होतो, त्यांतलेंच हें आहे. गोठ्याचे खांब, फाटक, हरितगृहाचा सांगाडा, शेडनेटचा मांडव यांस म्हणून नळ वापरतात. गोठ्यांत खांबाचा जमिनीलगतचा वीतभर भाग शेण-मुतानें आधीं खातो; तेवढ्यास सिमेंटचा उतरता कट्टा व डांबराचा हात द्यावा. खांबाचें वरचें तोंड टोपीनें बंद करावें, नाहींतर आंत पावसाचें पाणी सांचून नळ आंतून कुजतो व तें कळत नाहीं.

पोलादांतून वीज वाहते, ही गोष्ट शेतकऱ्यानें सदैव ध्यानांत बाळगावी. मोटरची गुंडाळी किंवा केबल कोठें उघडी पडली तर सगळा नळ भारित होतो, आणि पहांटे ओल्या पायांनीं झडपेस हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततें. मोटर, स्टार्टरची पेटी व नळ या तिन्हींस जमिनीशीं नीट जोडणी असावी. त्या कामासहि दीड इंची जस्ती नळाचा अडीच मीटर लांब तुकडा ओलसर जागीं उभा पुरतात. याहून मोठा धोका पंप वर काढतांना असतो. तिकाटणें उभें केलें, सांखळीनें नळ ओढला, आणि सहा मीटरचा नग सुटा होऊन आडवा वळवितांना वरून गेलेल्या विजेच्या तारेस लागला, तर तो धरणारीं दोन्ही-तिन्ही माणसें जागच्या जागीं जातात. ज्या विहिरीवरून तारा गेल्या आहेत तेथें वीज मंडळाच्या माणसाकडून लाइन बंद करवून घेतल्याशिवाय नळास हात लावूं नये. नवी बोअर घेतांना तर तारेपासून दूरच घ्यावी.

जुने नळ विकत घेण्याचा प्रसंग पुष्कळांस येतो, कारण मोडीच्या बाजारांत ते निम्म्या भावांत मिळतात. असा नळ उचलून कानाशीं धरून हातोडीनें हळू वाजवावा. धड नळ घंटेसारखा वाजतो, आंतून खाल्लेला बद्द आवाज देतो. मग दोन्ही टोंकांचे आंटे पाहावे. आंट्यांचीं टोंकें बोथट किंवा तुटलेलीं असतील तर ते कापून नवे पाडून घ्यावे. मात्र तेथें भिंत किती उरली आहे हें कॅलिपरनें मोजूनच. तीन मिलिमीटरच्या आंतली भिंत निघाल्यास त्या नळावर नवे आंटे पाडूं नयेत. त्याचा गोठ्यास खांब करावा, नाहींतर वजनावर परत मोडींत घालावा.